दोन दुकानांचे गाव

एखाद्या गावात किराण्याची दोनच दुकाने आहेत अशी कल्पना करा. पहिल्या दुकानदाराच्या डाळीत खडे निघू लागले म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. तेथे चार दिवस बरे जातात आणि मग तेलाला वास येऊ लागतो. गिऱ्हाईक चडफडत पुन्हा पहिल्याच्या पायरीशी येऊन उभे राहते. दुकानदार हसतमुखाने म्हणतो, "या, या! येणार हे ठाऊकच होतं." हे दोघे दुकानदार भर बाजारात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, पण गावात तिसरे दुकान निघता कामा नये, या एका बाबतीत त्यांचे अगदी सख्ख्या भावांसारखे एकमत असते!

ज्या देशांत दोनच पक्ष आलटून पालटून राज्य करतात, तेथल्या मतदाराची स्थिती या गिऱ्हाइकासारखी होते. अमेरिकेचेच पाहा ना. २०२३ साली गॅलप या संस्थेने तेथल्या लोकांना विचारले, तेव्हा शंभरांतल्या त्रेसष्ट जणांनी सांगितले, की हे दोन्ही पक्ष इतके वाईट काम करीत आहेत की आता तिसरा मोठा पक्ष हवाच. त्रेसष्ट टक्के लोकांना तिसरे दुकान हवे आहे, आणि पुढल्याच वर्षी, २०२४ साली, अध्यक्षपदाची बहुतेक सारी मते त्याच दोन दुकानांत पडली!

वैतागणे सोपे असते. वैताग कोणावर काढावा हे कळणे मात्र कठीण. दुकानदारावर, की दुकानातल्या तराजूवर? हा प्रश्न एका लहानशा देशाने स्वतःला विचारला, त्याचे उत्तर शोधले आणि ते अमलातही आणले. तो देश म्हणजे न्यूझीलंड. १९५३ साली आपल्या तेनसिंगबरोबर एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिलेला एडमंड हिलरी ज्या देशाचा, तोच हा देश. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार १८९३ सालीच देऊन याने मोठमोठ्या राष्ट्रांना मागे टाकले होते. त्याच देशाच्या दुसऱ्या एका चढाईची ही हकिकत आहे.

शंभरांतली शंभर मते

न्यूझीलंडमध्ये १९३५ साली मजूर पक्षाचे पहिले सरकार आले. त्याच्याशी सामना देण्यासाठी पुढल्याच वर्षी विरोधकांनी एकत्र येऊन नॅशनल पक्ष काढला. तेव्हापासून जवळजवळ साठ वर्षे सत्ता या दोघांच्याच घरी पाणी भरीत होती. १९५१ सालच्या निवडणुकीत या दोन पक्षांना मिळून ९९.८ टक्के मते पडली. तिसऱ्याच्या वाट्याला हजारांत दोन!

मौज अशी, की त्याच १९५१ साली मॉरिस द्यूव्हर्जे नावाच्या फ्रेंच विद्वानाने राजकीय पक्षांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या जोडगोळीचे रहस्य सांगितले. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा, आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, अशी पद्धत जेथे असते, तेथे हळूहळू दोनच पक्ष उरण्याकडे कल असतो, असे त्याने म्हटले. कारण अगदी व्यवहारातले आहे. आवडता उमेदवार तिसरा असेल तर मतदार विचार करतो, "हा काही निवडून येत नाही. मग मत फुकट का घालवा? त्यापेक्षा जो नकोच आहे त्याला पाडणाऱ्याला देऊ." असे प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणूनच तो तिसरा निवडून येत नाही.

न्यूझीलंडने ही पद्धत ब्रिटिशांकडून घेतली होती. आपणही तीच घेतली. आपल्याकडे प्रांतोप्रांतीचे पक्ष जोरदार असल्यामुळे देशभर दोनच पक्ष असे कधी झाले नाही. पण तराजू तोच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला ४५ टक्के मतांवर लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षाला ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ मिळाल्या. माप कोणाच्याही पारड्यात पडो, दांडी तशीच झुकते.

जास्त मते, तरी पराभव

न्यूझीलंडच्या माणसाला या दांडीचा पहिला मोठा धक्का बसला तो १९७८ साली. त्या वर्षी मजूर पक्षाला ४०.४ टक्के मते पडली आणि सत्ताधारी नॅशनल पक्षाला ३९.८. म्हणजे मजूर पक्ष पुढे. पण जागा? मजूर पक्षाला ९२ पैकी ४० आणि नॅशनलला ५१! हरलेला जिंकला आणि जिंकलेला हरला. १९८१ साली पुन्हा तोच प्रकार: मते मजूर पक्षाची किंचित जास्त, सरकार मात्र नॅशनलचे.

तिसऱ्याची अवस्था तर ऐकवत नाही. सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला १९८१ साली २०.७ टक्के मते मिळाली. पाच मतदारांमागे एकाने त्याला मत दिले होते. जागा मिळाल्या दोन! १९८४ साली न्यूझीलंड पार्टी हा नवा पक्ष उभा राहिला. त्याला १२.२ टक्के मते पडली आणि जागा मिळाली शून्य. एवढ्या माणसांनी रांगेत उभे राहून मते दिली होती; पण सभागृहात त्यांच्या नावाचे एक स्टूलदेखील ठेवले गेले नाही.

त्यातून या देशाची घडण अशी, की सत्तेला लगाम घालणारे दुसरे काही नव्हते. आपल्या राज्यसभेसारखे वरिष्ठ सभागृह तेथे होते, ते १९५० च्या अखेरीस बरखास्त झाले. प्रांतांची सरकारे नाहीत. एका पुस्तकात बांधलेली राज्यघटना नाही. सभागृहात बहुमत मिळाले की पंतप्रधान आणि त्याचे मंत्रिमंडळ तीन वर्षांपुरते मनाचे राजे! जेफ्री पामर नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९७९ साली या कारभारावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच 'बेलगाम सत्ता?' असा होता.

आगीतून फुफाट्यात

तरीही निव्वळ आकड्यांच्या अन्यायाने जनता पेटून उठत नाही. टक्केवारीने कोणाचे पोट दुखत नाही. पोट दुखायला घरात काहीतरी घडावे लागते. ते १९८४ नंतर घडले.

१९७५ पासून रॉबर्ट मल्डून हे पंतप्रधान होते आणि अर्थखातेही त्यांच्याचकडे होते. मजुरी, भाव, व्याज, सारे सरकारी हुकमाने गोठवून ठेवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. १९८४ साली लोकांनी कंटाळून मजूर पक्षाला निवडले. मजूर पक्ष म्हणजे कामकऱ्यांचा, पेन्शनरांचा, सरकारी आधाराचा पक्ष, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. डेव्हिड लाँगी पंतप्रधान झाले आणि रॉजर डग्लस अर्थमंत्री. या डग्लससाहेबांनी जे केले ते पाहून त्यांचे मतदारच चक्रावले. शेतीची अनुदाने काढली, आयातीचे दरवाजे उघडले, १९८६ साली दहा टक्क्यांचा नवा वस्तू व सेवा कर बसवला, सरकारी खात्यांच्या कंपन्या केल्या आणि पुढे त्यांतल्या काही विकूनही टाकल्या. १९८८ साली खेड्यापाड्यांतली शेकडो पोस्ट ऑफिसे बंद झाली. हे सारे आवश्यक होते की नव्हते, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. सामान्य माणसाचे म्हणणे एवढेच होते, की "आम्ही यासाठी मत दिले नव्हते!"

१९९० साली त्याने मजूर पक्षाला घरी बसवले. नॅशनल पक्षाचे जिम बोल्जर माणुसकीच्या समाजाची भाषा बोलत होते. पेन्शनरांवर बसवलेला जादा कर आम्ही काढून टाकू, असे त्यांच्या पक्षाचे वचन होते. मतदाराने सत्तेचीही भरघोस ओंजळ दिली. ४७.८ टक्के मतांवर ९७ पैकी ६७ जागा!

आणि मग? अर्थमंत्री रूथ रिचर्डसन बाईंनी बेकारांचे आणि निराधारांचे भत्ते कापले. पेन्शनरांवरचा कर निघाला नाही. पेन्शनचे वय साठावरून हळूहळू पासष्टावर नेण्याचे ठरले. इस्पितळात दाखल होणाऱ्यालाही पैसे मोजावे लागू लागले. म्हणजे डाळीतले खडे चुकवायला ज्या दुकानात आलो, तेथे तेच खडे, आणि वर भावही चढा!

येथे न्यूझीलंडच्या मतदाराच्या मनात जो बदल झाला तो फार मोलाचा आहे. आजवर तो म्हणत होता, "हा पक्ष वाईट." मग म्हणू लागला, "तो पक्षही वाईट." आता तो म्हणू लागला, "यांना दर वेळी एवढी मोकळीक मिळते तरी कशी?" नजर दुकानदारावरून तराजूकडे वळली ती अशी.

जीभ घसरली आणि दार उघडले

तराजू कसा असावा, याचे उत्तर तोवर सरकारी कपाटात तयार होते. त्याचा इतिहास मोठा गमतीदार आहे.

'बेलगाम सत्ता' लिहिणारे पामर राजकारणात शिरले आणि १९८४ साली उपपंतप्रधान झाले. त्यांच्या आग्रहाने निवडणूक पद्धतीवर एक शाही आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती जॉन वॉलेस त्याचे अध्यक्ष होते. असे आयोग बहुधा प्रश्न थंड करण्यासाठी नेमले जातात. पण या मंडळींनी काम मनावर घेतले आणि डिसेंबर १९८६ मध्ये सांगून टाकले, की चालू पद्धत अन्यायाची आहे, पश्चिम जर्मनीत चालते तशी पद्धत आणा, आणि त्यावर लोकांचे सार्वमत घ्या.

ही पद्धत समजायला अवघड नाही. मतदाराला दोन मते. एक आपल्या मतदारसंघातल्या माणसाला आणि दुसरे आवडत्या पक्षाला. पक्षाला देशभर जितके टक्के मते, साधारण तितक्याच टक्के जागा. १२० जणांच्या सभागृहात दहा टक्के मते मिळवणाऱ्याला बारा जागा. मतदारसंघांतून तेवढी माणसे निवडून आली नाहीत, तर उरलेली पक्षाने आधी जाहीर केलेल्या यादीतून घ्यायची. अट एवढीच, की पक्षाला निदान पाच टक्के मते हवीत किंवा एखादा मतदारसंघ तरी जिंकलेला हवा.

दोन्ही पक्षांतल्या बहुसंख्य पुढाऱ्यांना हे नको होते, हे सांगायला नकोच. आपल्या हाताने तिसऱ्या दुकानाला जागा कोण देणार? अहवाल कपाटात गेला. पण १९८७ च्या निवडणुकीत पंतप्रधान लाँगी दूरदर्शनवरच्या वादविवादात बोलता बोलता सांगून बसले, की या प्रश्नावर सार्वमत घेऊ! पक्षाचे तसे काही ठरलेले नव्हते. हातातले टिपण त्यांनी चुकीचे वाचले, असे पुढे सांगण्यात आले. निवडून आल्यावर मजूर पक्षाने हे वचन गुंडाळले, तेव्हा नॅशनल पक्षाला आयतेच कोलीत सापडले. "बघा, हे शब्द फिरवतात! आम्ही घेऊ सार्वमत," असे त्यांनी १९९० साली जाहीर केले. एवढी वचने मोडून बसल्यावर निदान हे एक तरी पाळणे त्यांना भागच पडले.

लोकांचा कौल

१९ सप्टेंबर १९९२ रोजी पहिले सार्वमत झाले. चालू पद्धत ठेवावी की बदलावी? ८४.७ टक्के लोक म्हणाले, बदला! बदलायची तर चार पद्धतींपैकी कोणती, या प्रश्नावर सत्तर टक्क्यांहून अधिक मते आयोगाने सुचवलेल्या मिश्र पद्धतीला पडली.

पण हा कौल बंधनकारक नव्हता. खरा सामना पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर १९९३ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीबरोबर व्हायचा होता. आता विरोधकही जागे झाले. उद्योगपती पीटर शर्टक्लिफ यांच्या पुढाकाराने मोठी मोहीम उघडण्यात आली आणि जाहिरातींवर पैसा वाहू लागला. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. नव्या पद्धतीत खासदारांची संख्या ९९ वरून १२० होणार! ज्या जातीच्या प्राण्यावर लोक एवढे चिडले आहेत, तेच आणखी एकवीस? सुधारणावाद्यांकडे पैसा थोडा होता. पण देशभर घरोघर हिंडणारे कार्यकर्ते होते. अंतर झपाट्याने कमी होत गेले. अखेर ५३.९ टक्के विरुद्ध ४६.१ असा निकाल लागला. नवी पद्धत जिंकली.

त्याच दिवशी जुन्या तराजूने आपला शेवटचा खेळ करून दाखवला. नॅशनल पक्षाला ३५ टक्के मतांवर ९९ पैकी ५० जागा मिळाल्या, म्हणजे बहुमत! आणि लहान पक्षांच्या 'अलायन्स' या आघाडीला १८ टक्के मतांवर मिळाल्या दोन. निरोप घेताना त्याने स्वतःविरुद्धच साक्ष दिली म्हणायची.

दोन मांजरे आणि एक माकड

सिनेमा असता तर येथे 'समाप्त' अशी पाटी आली असती. पण राजकारणात पाटी येत नाही.

१९९६ साली नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. कोणालाच बहुमत नाही. विन्स्टन पीटर्स यांच्या 'न्यूझीलंड फर्स्ट' या पक्षाच्या हाती सतरा जागा आणि सरकारची किल्ली. लोण्याच्या गोळ्यासाठी भांडणाऱ्या दोन मांजरांची आणि तराजू धरून बसलेल्या माकडाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. पीटर्स महाशयांनी जवळजवळ दोन महिने दोन्ही मोठ्या पक्षांशी बोलणी चालू ठेवली. अखेर १० डिसेंबरला त्यांनी कौल दिला तो नॅशनल पक्षाच्या बाजूने. हा पक्ष सत्तेवरून जावा म्हणून ज्यांनी पीटर्सना मते दिली होती, ते कपाळावर हात मारून बसले. पीटर्स उपपंतप्रधान आणि खजिनदार झाले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये ही युती फुटली आणि त्यांच्याच पक्षातले काही खासदार सरकारला चिकटून राहिले. माओरी भाषेत होडीला 'वाका' म्हणतात. पक्ष बदलणाऱ्याला तेथे 'वाका बदलणारा' असे नाव पडले आणि त्याला आवर घालायला २००१ साली कायदा करावा लागला. 'आयाराम-गयाराम' पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही!

तक्रारी आणखीही आहेत. २००८ साली पीटर्स यांच्या पक्षाला ४.०७ टक्के मते पडली आणि एकही जागा नाही, तर ३.६५ टक्के मते मिळवणाऱ्या ॲक्ट पक्षाला पाच जागा, कारण त्याने एक मतदारसंघ जिंकला होता. २०२३ च्या निवडणुकीनंतर तीन पक्षांचे सरकार जमायला सहा आठवडे लागले. उपपंतप्रधानपददेखील दोघांनी अर्धे अर्धे वाटून घेतले. आधी पीटर्स आणि ३१ मे २०२५ नंतर ॲक्टचे डेव्हिड सीमूर. माकडाने तराजू अजून हातचा सोडलेला नाही.

मग मिळवले काय? पाहू या. १९९३ साली सभागृहात ९९ पैकी २१ स्त्रिया होत्या. १९९६ साली १२० पैकी ३५ झाल्या. माओरी आणि आशियाई वंशाची माणसे वाढली. चेन्नईत जन्मलेल्या प्रियांका राधाकृष्णन २०१७ साली पक्षाच्या यादीतूनच सभागृहात आल्या आणि २०२० साली मंत्री झाल्या. आणि मुख्य म्हणजे, एकट्याच्या जिवावर हवे ते करण्याची सोय उरली नाही. १९९६ नंतर एकाच पक्षाला स्वतःचे बहुमत मिळाले ते एकदाच, २०२० साली जेसिंडा आर्डर्न यांच्या मजूर पक्षाला. आणि त्या वेळी त्यांना खरोखरच निम्म्या लोकांनी मते दिली होती. निम्मी मते, तर निम्म्याहून थोड्या अधिक जागा. यात कोणाला फसल्यासारखे वाटले नाही.

लोकांना पश्चात्ताप झाला का? २०११ साली त्यांना पुन्हा विचारण्यात आले. ५७.८ टक्के म्हणाले, "हीच पद्धत राहू द्या." पहिल्या वेळेपेक्षा कौल वाढला. पंधरा वर्षे घरात वापरून पाहिलेल्या वस्तूची ही पावती आहे.

वैतागाचा हिशेब

ज्या शरद ऋतूत आपण १९९२ ची दिवाळी साजरी केली, त्याच सुमारास अमेरिकेतही तिसऱ्या माणसाची हवा होती. रॉस पेरो या कोट्यधीशाला त्या नोव्हेंबरात सुमारे १९ टक्के मते पडली. अध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ प्रतिनिधींपैकी त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. २००० साली फ्लोरिडा राज्यात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते मिळाली आणि त्या राज्याचा, पर्यायाने देशाचा, निकाल लागला तो अवघ्या ५३७ मतांनी. तेव्हापासून तिसऱ्याला मत देणाऱ्याला तेथे घरातली माणसेच ऐकवतात, "तुझ्यामुळे नको तो निवडून येईल हं!" तेथला वैताग न्यूझीलंडपेक्षा कमी नव्हता. फरक एवढाच, की अमेरिकन माणूस बहुधा चांगला तिसरा दुकानदार शोधत राहिला. न्यूझीलंडच्या माणसाने तराजूला हात घातला.

आपल्याकडे हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली होती. जानेवारी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. या पद्धतीला जनता बरीच साक्षर हवी, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होण्याची भीती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळच्या भारताकडे पाहता ते अगदी व्यवहारी होते. पहिले कारण आता बरेच मागे पडले आहे. दुसरे किती खरे, हे न्यूझीलंडचा १९९६ आणि २०२३ चा अनुभव बघून ज्याने त्याने ठरवावे.

या हकिकतीत कोणी महात्मा नाही, क्रांती नाही, रक्ताचा थेंब नाही. एक प्राध्यापक, एक न्यायमूर्ती, एका पंतप्रधानाची घसरलेली जीभ आणि दोन्हीकडून फसलेली चिवट जनता, एवढीच पात्रे. नव्या तराजूने पुढारी देवमाणसे झाले नाहीत. डाळीत अजूनही खडे निघतात. पण पूर्वी पाचांतल्या एकाचे मत ओतून दिले जाई, ते आता पारड्यात पडते आणि त्याचे वजन लागते. तक्रार करायला का होईना, त्याचा माणूस सभागृहात बसलेला असतो. मत देऊन घरी परतणाऱ्या साध्या माणसाला याहून फारसे काही नको असते.